शाळेचे गाव कोणते?

खेड तालुक्यातील जालिंदरनगर ही लहानशी वस्ती. तेथील जिल्हा परिषद शाळेचा पट २०२२ साली इतका घसरला होता की, ती बंद पडावी अशीच चिन्हे होती. दत्तात्रय वारे हे शिक्षक तेथे आले, ग्रामस्थांनी हातभार लावला, मुले ‘विषयमित्र’ होऊन एकमेकांना शिकवू लागली. आणि २०२५ साली ‘टी-फोर एज्युकेशन’ या संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांपैकी लोकमताने दिला जाणारा पुरस्कार या शाळेस मिळाला. अभिनंदन पुष्कळ झाले. परंतु चाकणची औद्योगिक वसाहतही याच तालुक्यात आहे, याचा विचार फारसा कोणी केला नाही.

चाकण परिसरात द्रव्याचा तुटवडा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते, आणि जवळच्या शाळेस रंग, बाके, संगणक देणे हा त्यातला सोयीचा मार्ग होय. त्यात वाईट काही नाही. मात्र संगणक देणारा परत जातो. गुरुजी आज का आले नाहीत, हे विचारावयास तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहत नाही. पणजीत १९०८ साली निघालेल्या ‘मुष्टिफंड’ संस्थेचे नाव घरोघरच्या मूठभर तांदळावरून पडले. आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांच्या हिशेबात ती मूठ नगण्य. परंतु रोज मूठ बाजूला काढणारी गृहिणी शाळेला जाब विचारण्याचा अधिकारही कमावीत असते.

आमच्या पट्ट्यात हा अधिकार बजावणार कोण? जमिनीचा पैसा आलेल्या घरांतील मुले पिवळ्या बसने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. (प्रस्तुत लेखकाची मुलेही त्याच बसने गेली, हे कबूल केले पाहिजे.) सरकारी शाळेत बहुतांशी उरतात ती भाड्याच्या खोल्यांतली मुले, कोणी मराठवाड्यातली, कोणी बिहारमधली. ज्यांचे गावात वजन आहे त्यांची मुले शाळेत नाहीत आणि ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांना ग्रामसभेत कोणी ओळखत नाही. दर्जाविषयी सर्वांत जागरूक असणारेच आधी निघून गेले की तक्रारीचा आवाजही त्यांच्याबरोबर जातो, हे अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० सालीच दाखवून दिले होते.

कायद्याने मात्र वाट ठेवली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. गावच्या मतदारयादीत नाव असण्याची अट तेथे नाही. मूल पटावर असले म्हणजे झाले. अडचण निराळीच आहे. पाळीत काम करणारा कंत्राटी कामगार दुपारच्या सभेस आला, तर त्याचा खाडा पडतो. सभा संध्याकाळी किंवा कारखान्यांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी घेणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. कारखानदारांच्या हाती त्याहून अधिक आहे : ठेकेदाराकडील कामगारांसह प्रत्येक पालकास शाळेच्या सभेसाठी अर्ध्या दिवसाची पगारी रजा. हा खर्च त्या २ टक्क्यांत बहुधा दाखविता येणार नाही, आणि त्यावर कंपनीच्या नावाचा फलकही लावता येणार नाही.