दुखणं अब्रूचं, औषध मुलीला

आपल्या मुलीचं मन दुसऱ्या मुलीत गुंतलंय हे कळलं, की घरात पहिली धावपळ होते ती उपचाराची. कुणी अंगारा आणतं, कुणी गंडादोरा बांधतं. शिकलेले लोक जरा सभ्य वाट धरतात. ओळखीच्या वैद्याच्या पुड्या सुरू होतात, पाळी नियमित झाली की मन ताळ्यावर येईल, असा दिलासा मिळतो. काहीच लागू पडलं नाही, तर शेवटचं औषध म्हणून लग्न. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 सालीच काढली. आपल्या घरात ती अजून आजारच आहे. या सगळ्याला आपण काळजी म्हणतो. दुखणं असतं आईबापांच्या अब्रूचं आणि काढा ओतला जातो मुलीच्या घशात.

हीच मुलगी पुढे पस्तिशी गाठते आणि खरोखर आजारी पडते. ओटीपोटात दुखतं, अंगावरून जातं. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, लग्न झालंय का? ‘नाही’ म्हटलं की आतून तपासणी बहुधा टळते, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी कुणी सुचवतही नाही. त्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही विषाणू बाईकडून बाईलाही जाऊ शकतो, हे तिला कोण सांगणार? खरं बोलावं तर समोरची नजर बदलते. ती पुन्हा तिथं पाऊल टाकत नाही. घरगुती काढे, दुकानातली चूर्णं, योगवर्ग यांवर भागवते. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही लेस्बियन स्त्रिया पर्यायी उपचारांकडे जास्त वळताना दिसल्या आणि दवाखान्यात जाणवलेल्या भेदभावाशी अशा उपचारांचा संबंध आढळला. योगानं तिला बळ मिळत असेल, तर त्याच्याशी माझं भांडण नाही. पण अंगात रोग वाढत असताना तिनं चूर्णावर दिवस काढावेत, ही वेळ तिच्यावर पदवीधर डॉक्टरांनी आणली आहे.

मद्रास उच्च न्यायालयात 2021 साली घर सोडून आलेल्या, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणींचं प्रकरण उभं राहिलं. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी आपल्याला या विषयातलं पुरेसं कळत नाही हे उघड मान्य केलं, मानसतज्ज्ञासमोर स्वतः शिकायला बसले आणि मगच आदेश दिला. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना ज्यात कमीपणा वाटला नाही, तो तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि मुलीच्या बापाला का वाटावा? याच प्रकरणातून 2022 साली राष्ट्रीय वैद्यक आयोगानं लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पण हा आयोग ॲलोपॅथीच्या डॉक्टरांपुरता. वैद्य आणि होमिओपॅथ यांचे आयोग वेगळे, बुवाबाबांना तर कुठलाच आयोग नाही.

बुवाबाबांसाठी महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झिजले आणि तो येण्याआधीच त्यांचा खून झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं आज गुन्हा आहे. तो नोंदवायला मात्र मुलीला स्वतःच्या आईबापांविरुद्ध पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते आणि तिथं समजूत घालून तिला परत पाठवायचं ठरतं, तेही त्याच घरी.