राष्ट्रपतिपदाआड झाकला गेलेला मजूरमंत्री

1969 साली दिव्याच्या फलाटावर उतरणाऱ्यास खाडी, खारजमीन, भातखाचरे आणि पनवेलकडे जाणारा रेल्वेचा फाटा यांखेरीज फारसे काही दिसत नसे. दिवा-मुंब्रा-कल्याणच्या शाळांत त्या वर्षी चौथी-पाचवीत असलेली पोरे आता साठी ओलांडून गेली आहेत. 'भारताचे राष्ट्रपती कोण?' या प्रश्नाचे 'वराहगिरी वेंकट गिरी' हे उत्तर त्यांनी पाठ केले, ते त्या नावाची गंमत वाटे म्हणून. वराह म्हणजे काय हे कळल्यावर तर वर्गात हशाच पिके. रेल्वे कामगारांच्या घरांत मात्र या नावाला हसत नसत. नागपूरपर्यंत येणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेवर 1927-28 साली कामगारांचा लढा चालविणारा, अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनचा सरचिटणीस राहिलेला माणूस राष्ट्रपती भवनात गेला, याचे अप्रूप युनियनची पावती जपून ठेवणाऱ्या बापांना होते.

पुढे मुले मोठी झाली आणि गिरी म्हणजे 1969 ची निवडणूक एवढेच समीकरण उरले. काँग्रेसमधील फूट, 'विवेकबुद्धीने मतदान', इंदिरा गांधींचा डाव, आणि 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असा संजीव रेड्डींचा निसटता पराभव. 14 बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर 19 जुलै 1969 रोजी कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून त्यांची सही झाली, हेही कोणी कोणी सांगतो. या साऱ्यात गिरी दिसतात ते दुसऱ्याच्या पटावरील सोंगटीसारखे. ही मांडणी अगदीच खोटी नाही. पण ती 1969 पासून सुरू होते आणि तेथेच तिची चूक आहे.

गिरींचे खरे कर्तृत्व 1952 ते 1954 या दोन वर्षांत शोधावे लागते. नेहरूंच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होताच त्यांनी सक्तीच्या न्यायनिवाड्याच्या पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली. नैनिताल येथील 1952 च्या श्रमपरिषदेत त्यांनी तीच मांडली. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रत्येक तंटा सरकारने न्यायाधिकरणाकडे पाठवायचा म्हटला, की कामगाराला संघटनेपेक्षा वकिलाची गरज अधिक भासू लागते, आणि मालकाला युनियनशी बोलण्याचे कारणच उरत नाही. म्हणून युनियनला मान्यता द्या, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवा, आणि लवाद नेमायचाच तर तो दोघांच्या संमतीने नेमा. 'गिरी दृष्टिकोन' म्हणून ओळखला गेलेला हा विचार मालकांना रुचला नाही. कामगार चळवळीतील अनेकांनाही तो पटला नाही, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. दुबळ्या युनियनांना न्यायाधिकरणाचा आधार वाटत होता, आणि तो आधार युनियनांना दुबळेच ठेवतो हे ऐकण्याची त्यांची तयारी नव्हती.

मग 1954 साल उजाडले. बँक कर्मचाऱ्यांच्या तंट्यात अपिलीय न्यायाधिकरणाने दिलेल्या निवाड्याला सरकारनेच कात्री लावली, आणि गिरींनी राजीनामा दिला. न्यायनिवाड्याच्या पद्धतीवर ज्याचा विश्वास नव्हता, त्याच मंत्र्याने निवाडा मोडल्याच्या निषेधार्थ खुर्ची सोडली. यात विसंगती दिसेल, पण ती वरवरची आहे. पद्धत वाईट असली तरी एकदा दिलेला शब्द सरकारने फिरवावा काय, हा तेथे प्रश्न होता. राजीनामा वाया गेला नाही. सरकारला न्या. राजाध्यक्ष यांचा आयोग नेमावा लागला. त्यांच्या निधनानंतर न्या. गजेंद्रगडकरांनी ते काम पुरे केले, आणि 1955 च्या कायद्याने बँक कर्मचाऱ्यांना गमावलेले बरेचसे परत मिळाले. त्या वेळी अर्थखाते चिंतामणराव देशमुखांकडे होते. 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीही मंत्रिपद सोडले, आणि 1969 च्या निवडणुकीत गिरींसमोर तिसरे उमेदवार म्हणून तेच उभे राहिले. तत्त्वासाठी मंत्रिपद सोडणारी दोन माणसे एकाच निवडणुकीत सर्वोच्च पदासाठी उभी असल्याचे दृश्य त्यानंतर या देशाने पाहिलेले नाही.

राष्ट्रपती गिरींची बाजू घेणे मात्र अवघड आहे. 8 मे 1974 रोजी रेल्वेचा संप सुरू झाला. फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस त्याआधीच तुरुंगात होते, आणि फेडरेशनचे एके काळचे सरचिटणीस राष्ट्रपती भवनात. रेल्वे वसाहतींतून कुटुंबे बाहेर काढली गेली, हजारोंनी नोकऱ्या गमावल्या. जी मुले पाच वर्षांपूर्वी गिरींचे नाव पाठ करीत होती, ती आता बाप घरी केव्हा येतो याची वाट पाहत होती. संप मोडल्यावर, गिरींची मुदत संपण्यास दीड महिना उरला असताना, वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा हिस्सा आणि सगळी वेतनवाढ सक्तीने ठेवीत टाकणारा वटहुकूम त्यांच्याच सहीने निघाला. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला असतो, हे उत्तर घटनेच्या विद्यार्थ्याला पुरेल. ज्याचा भत्ता कापला गेला त्याला ते पुरले नसणार. 1954 साली जे खुर्ची सोडून साधले, ते 1974 साली खुर्चीत बसून साधले नाही.

तरीही 1974 च्या सहीसाठी 1952 चा विचार फेकून देणे आपल्याला परवडणारे नाही. मुंबईच्या 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांवर एकच 'प्रातिनिधिक' युनियन लादली आणि ती ठरविण्यासाठी गुप्त मतदान मात्र ठेवले नाही. त्याची किंमत 1982 च्या संपात गिरणगावाने मोजली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटी करणाऱ्या युनियनला मान्यता देण्याची तरतूद आहे. वाचताना गिरींचा विजय झाला असे क्षणभर वाटते. पण त्याच संहितेने प्रत्येक आस्थापनेत संपासाठी 14 दिवसांच्या नोटिशीची अट घातली, तडजोडीची बोलणी सुरू असताना संपाला बंदी केली, आणि कामगारकपातीसाठी परवानगीची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर नेली. बोलणी करण्याचा हक्क हाती दिला, आणि ज्या बळावर बोलणी होतात तेच काढून घेतले.

दिव्यात आता भातखाचरे उरलेली नाहीत. पहाटेच्या लोकलला लोंबकळून जाणाऱ्यांत कंत्राटी सफाई कामगार आहेत, सुरक्षारक्षक आहेत, पाठीवर पिशव्या घेऊन घरोघर माल पोहोचविणारी पोरे आहेत. गिरण्या बंद पडल्यावर इकडे सरकलेल्या घरांतली नातवंडेही त्यांत असतील. वाटाघाटीचा एकमेव हक्क हवा तर संहिता 51 टक्के कामगारांचा पाठिंबा मागते. कंत्राटदार बदलला की ज्यांचा हजेरीपटच बदलतो, त्यांचे 51 टक्के कोणत्या पटावर मोजायचे?