मैफल दिवसा व्हावी

शाळेच्या स्मरणिकेत लिहिताना मागील वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा अन्य लेखांतून येईलच. आम्ही येथे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे एक मागणी ठेवू इच्छितो. आपल्या निवासी शाळेत वर्षातून किमान एकदा व्हायोलिन आणि पियानो या दोन वाद्यांची अभिजात मैफल व्हावी; आणि ती रात्री न होता दिवसा, तासिकांच्या वेळेत व्हावी. ही मागणी वाचून काहींना हसू येईल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतली, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले आणि व्हिएन्ना शहरातले संगीत, यांचा मेळ कसा बसावा, असा प्रश्न ते विचारतील. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

प्रथम वेळेविषयी. आपल्या समाजाची कला पिढ्यान्‌पिढ्या रात्रीची राहिली. भजन रात्री, तमाशा रात्री, जलसाही रात्री. याचे कारण सौंदर्यशास्त्रात शोधू नये. ते श्रमाच्या इतिहासात आहे. दिवस शेतमालकाचा होता, वेठबिगारीचा होता, मजुरीचा होता. माणसाच्या वाट्याला स्वतःची म्हणून जी वेळ येई, ती दिवेलागणीनंतरचीच. त्या उरलेल्या वेळेतून आपल्या शाहिरांनी जे उभे केले, ते थोर आहे. परंतु शाळेतही आपण तीच विभागणी चालू ठेवली आहे. दिवसा गणित आणि इंग्रजी. संगीत म्हणजे स्नेहसंमेलनाची रात्र. तो कार्यक्रम रंगात येईपर्यंत पाचवी-सहावीची मुले शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली असतात. जी गोष्ट दिवसा, वेळापत्रकात, ताज्या मनाने शिकवली जाते, तिलाच मूल विद्या मानते. संगीताला हा मान एकदा तरी मिळावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दिवसाच्या मैफलीचा एक दाखला इतिहासात ठळकपणे नोंदला आहे. २४ मे १८०३ रोजी व्हिएन्नातील औगार्टन या उद्यानात सकाळी आठ वाजता व्हायोलिन आणि पियानोची एक मैफल झाली. पियानोवर स्वतः बीथोव्हेन होते. व्हायोलिन वाजवीत होता जॉर्ज ब्रिजटॉवर हा पंचविशीतला तरुण. त्याचे वडील आफ्रिकी वंशाचे असून एका सरदार घराण्याच्या चाकरीत होते. आई युरोपीय होती. रचना इतक्या घाईत पुरी झाली होती, की तिच्या दुसऱ्या भागासाठी ब्रिजटॉवरला बीथोव्हेनच्या हस्तलिखितातून पाहूनच वाजवावे लागले. पहिल्या भागात त्याने ऐनवेळी स्वतःच्या बुद्धीने एक जागा अशी घेतली, की बीथोव्हेन आनंदाने उठून त्याला भेटले. रचना त्याच्यासाठी लिहिलेली होती आणि प्रथम त्यालाच अर्पण केलेली होती. पुढे दोघांत बिनसले. १८०५ मध्ये ती छापली गेली तेव्हा अर्पणपत्रिकेवर रोडोल्फ क्रॉइत्झर या पॅरिसच्या नामांकित वादकाचे नाव होते. क्रॉइत्झरने ती कधीच जाहीरपणे वाजवली नाही. तरीही जग ती ‘क्रॉइत्झर सोनाटा’ याच नावाने ओळखते. ब्रिजटॉवर पुढे केंब्रिजचा संगीत पदवीधर झाला आणि १८६० मध्ये लंडनमध्ये वारला.

श्रम एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या मुलांनी हा सोनाटा ऐकावा तो ब्रिजटॉवरचे नाव घेऊन ऐकावा. अभिजात म्हणून जे जे जगात मिरवले जाते, ते केवळ वरच्या थरातील माणसांनी निर्माण केले, ही समजूत त्यामुळे एका सकाळीच ढिली होईल.

या दोन वाद्यांचीच मैफल का, याचेही कारण आहे. आपल्याकडे बहुतेक मैफलींत एक मुख्य कलावंत असतो आणि बाकीचे साथीला असतात. युरोपातही आरंभी अशीच उतरंड होती. सोनाट्यात पियानो मुख्य आणि व्हायोलिन त्याच्या सोबतीला, असा प्रघात होता. बीथोव्हेनच्या या रचनेत दोन्ही वाद्ये बरोबरीने उभी राहतात. एक बोलते, दुसरे उत्तर देते. एकाने मांडलेले दुसरे उचलून पुढे नेते. शिवाय दोघांचे स्वभाव भिन्न आहेत. पियानोच्या ८८ पट्ट्यांचे स्वर आधीच बांधलेले असतात. वाजवताना ते वरखाली करता येत नाहीत. व्हायोलिनला चारच तारा, आणि त्याच्या पट्टीवर सतारीसारखे पडदे नसतात. बोटानेच स्वराची जागा अचूक शोधायची असते. म्हणून मैफलीच्या आधी व्हायोलिनवादक पियानोकडून स्वर घेतो आणि तारा जुळवतो. तार फार ताणली तर तुटते, सैल ठेवली तर बोलत नाही, हा वीणेचा दृष्टान्त तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला दिला होता, हे आपल्या मुलांना पाठ आहे. ती तार जुळताना प्रत्यक्ष पाहण्याचा आणि ऐकण्याचा योग मात्र त्यांना क्वचितच येतो.

हे परकीय संगीत कशाला, असा आक्षेप येईल. ज्या पेटीवाचून आपले एकही भजन होत नाही, ती युरोपातून आली. व्हायोलिन तर मराठी कानाला चांगलेच परिचित आहे. गजाननराव जोशी, वि. गो. जोग, द. के. दातार यांनी त्यावर राग उभे केले. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनवर मराठी भावगीते ऐकत एक पिढी मोठी झाली. १९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून यहुदी मेन्युहिन हे जगद्विख्यात व्हायोलिनवादक भारतात आले. मुंबईसह अनेक शहरांत त्यांच्या मैफली झाल्या, पियानोवर मार्सेल गझेल होते आणि त्यांचे उत्पन्न दुष्काळ निवारणासाठी दिले गेले. दुष्काळाच्या नावाने जे संगीत या देशात वाजले, ते दुष्काळी जिल्ह्यापर्यंत पोहोचावे, यात गैर काय?

आणि परकेपणाचा मुद्दा निघालाच आहे, तर स्मरण द्यावेसे वाटते की स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. राज्यघटना, ग्रंथलेखन, चळवळ आणि ढासळती प्रकृती यांतून त्यांनी त्या वाद्यासाठी वेळ काढला. आपण त्यांच्या हातातील पुस्तकाचे चित्र घरोघर लावले. व्हायोलिन मात्र विसरलो.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. यामुळे आपली हलगी आणि आपला जलसा मागे पडेल, अशी भीती काहींना वाटते. गावगाड्यात वाद्यांनाही जात होती. हलगी कुणी वाजवायची, सनई कुणी फुंकायची, हे जन्माने ठरे. आणि वाजवणाऱ्याची जागा मांडवाबाहेर असे. ती सक्तीची वाजवणी नाकारणे हा स्वाभिमानाचा लढा होता. त्यानंतर भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्यासारख्यांनी गाण्याला नवे प्रयोजन दिले. आमची सूचना अशी, की त्याच दिवशी, त्याच मंचावर जिल्ह्यातील एका हलगीवादकालाही बोलवावे. त्याला तीच खुर्ची, तेवढेच मानधन आणि मुलांची तेवढीच शांतता मिळावी. मग हलगी मागे पडणार नाही. उलट ती प्रथमच मांडवाच्या आत येईल.

शांततेचा उल्लेख आम्ही हेतूने केला. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिभिंतीपुढे उभे राहून मुलांचे कान बधिर झाले आहेत. आवाज मोठा म्हणजे अभिमान मोठा, असे त्यांना वाटू लागले आहे. व्हायोलिन आणि पियानो दोन-तीनशे मुलांच्या सभागृहात ध्वनिक्षेपकाविना ऐकू येतात. अट एवढीच, की ऐकणाऱ्यांनी गप्प बसावे. दुसऱ्याचे बोलणे पुरते होईपर्यंत थांबणे हा लोकशाहीचाही पहिला पाठ आहे.

खर्चाची अडचण खरी आहे. पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात, तो हलवला की पुन्हा जुळवावा लागतो, आणि मुंबईहून धाराशिवपर्यंतचे अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. त्यासाठी अडून बसू नये. वजनदार पट्ट्यांचा चांगला डिजिटल पियानो गाडीतून येऊ शकतो. संकटकाळातही अशा मैफली झाल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात लंडनची नॅशनल गॅलरी चित्रांविना रिकामी झाली, तेव्हा मायरा हेस या पियानोवादिकेने तेथे दुपारच्या मैफली सुरू केल्या. ऑक्टोबर १९३९ ते एप्रिल १९४६ या काळात, सोमवार ते शुक्रवार, एक शिलिंगाच्या तिकिटावर सुमारे १७०० मैफली झाल्या. बॉम्ब पडत असता त्या तळघरात झाल्या, पण थांबल्या नाहीत. कारकून, सैनिक, परिचारिका जेवणाच्या सुट्टीत येऊन ऐकत. दिवसाची वेळ होती म्हणूनच नोकरी करणारी माणसे येऊ शकली.

आणि एका मैफलीने काय होणार, असे विचारणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. तेथील चर्चच्या गावशाळांत शेकडो वर्षे मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले गेले. त्या परंपरेतील साध्या घरांची मुले पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांचा कणा बनली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन त्यांनी शिकवले. घरात वाद्य नसलेल्या मुलाच्या हाती ते शाळेनेच द्यायचे असते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. आपल्यापैकी जे पुण्या-मुंबईत स्थिरावले आहेत, त्यांनी दोन वादकांशी बोलावे. प्रवास, मानधन आणि वाद्याचे भाडे यांची वाटणी दहा-पंधरा जणांत सहज होईल. पालकांनी त्या दिवशी मुलांसोबत पुढच्या सतरंजीवर बसावे. शिक्षकांनी प्रत्येक रचनेपूर्वी मराठीतून दोन मिनिटे माहिती द्यावी. तासाभराचा कार्यक्रम पुरे. ऊसतोडीचा हंगाम संपून आईबाप गावी परतल्यावर, मार्च-एप्रिलमधील एखाद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी तो ठेवावा. म्हणजे मुलांनी काय ऐकले, ते आईबापांनाही त्यांच्या शेजारी बसून ऐकता येईल.