पगार विचारता, मग व्हिसाही विचारा

खांदा कॉलनीतल्या एका वधू-वर परिचय मेळाव्याला नुकताच गेलो होतो. 'मुलगा अमेरिकेत आहे' असे माईकवरून सांगितले गेले आणि सभागृहातल्या निम्म्या आईबापांनी वह्या उघडल्या. पगार किती, घर स्वतःचे का, बहिणींची लग्ने झाली का, सगळे विचारून झाले. मुलगा तिथे कोणत्या व्हिसावर आहे, हे मात्र एकानेही विचारले नाही.

ही किरकोळ गोष्ट नाही. उद्या नवऱ्याने हात उगारला तर आपल्या लेकीला कोणता कायदा वाचवणार, हे बरेचसे त्या व्हिसावरच ठरते.

नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर तिथल्या १९९४ च्या महिला अत्याचारविरोधी कायद्याखाली पत्नी त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करू शकते. आय-३६० हा तो फॉर्म. मारहाणच झाली पाहिजे असे नाही; टोकाचा मानसिक छळही धरला जातो. लग्न खरे होते आणि दोघे एकत्र राहिले, हे दाखवावे लागते. घटस्फोट झाला असेल तर दोन वर्षांच्या आत अर्ज जायला हवा. या अर्जाची माहिती नवऱ्याला देण्यास अधिकाऱ्यांना कायद्यानेच मनाई आहे. 'तुला हाकलून देईन' ही त्याची धमकी इथे पोकळ ठरते.

पण कंपनीने पाठवलेला आपला इंजिनिअर असतो एच-१बी वर आणि त्याची पत्नी एच-४ वर. एच-४ म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेले शेपूट. घटस्फोट झाला की तो संपला. वरचा मार्ग तिला नाही. जानेवारी २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे छळ झालेल्या एच-४ पत्नीला स्वतंत्र वर्क परमिट मागता येते, पण त्यातून राहण्याचा हक्क मिळत नाही. दुसरा मार्ग यू व्हिसाचा. गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि तपासात मदत करणाऱ्या व्यक्तीसाठी तो आहे. वर्षाला फक्त १०,०००, त्यामुळे रांग अनेक वर्षांची. त्याला पोलिसांचे किंवा सरकारी वकिलाचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे मार खाऊनही तिने ९११ ला फोन केलाच नाही, तर ते प्रमाणपत्र कोण देणार?

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, गुलाम होण्यास नकार द्यावा. आपण ते भाषण दरवर्षी वाचतो आणि लेकीला मात्र पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात ठेवायला पाठवतो! पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, नवऱ्याची नव्हे.

आणखी एक. विहारात मंगल परिणय झाला, फोटो निघाले, जेवणे झाली, पण नोंदणी राहिली, असे आपल्यात सर्रास घडते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. नोंदणीचा दाखला आणि पासपोर्टची प्रत एक संच आईकडे राहिलाच पाहिजे. मुलगी परत आलीच तर तिने अमेरिकेतल्या कोर्टाकडे बघत बसू नये. घरगुती हिंसाचार कायद्याखाली ती राहते तिथे, म्हणजे पनवेलच्या न्यायालयातही, दाद मागू शकते. छळामुळे माहेरी आलेल्या स्त्रीला माहेरच्या गावी फौजदारी तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा खांदेश्वर पोलीस ठाण्यात जायला संकोच कसला?

सरकारचे काय? १९९४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने नीरजा सराफ खटल्यात परदेशस्थ भारतीयांच्या लग्नांसाठी कायदा करण्याचा विचार सुचवला. अशा लग्नाची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे विधेयक राज्यसभेत मांडले गेले २०१९ मध्ये. पंचवीस वर्षे गेली, तीही नुसते मांडण्यात.

मेळाव्याच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना अजून होता. तो काढा आणि त्या जागी व्हिसाचा रकाना छापा, असे मी आयोजकांना सांगितले. 'पुढच्या छपाईच्या वेळी बघू,' म्हणाले.