सवय पोटाची, काम टीसीएलचं

पहिल्या पावसात उल्हास नदी गढूळ झाली की कर्जतच्या दहिवलीसारख्या काठावरच्या वस्त्यांत पाणी उकळण्याचा विषय निघतो. त्यावर कुणीतरी म्हणतंच, "आमच्या पोटाला सवय आहे."

यात निम्मं तथ्य आहे. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा अवघा एक थर, पण तो मुकाट मार खाणारा नाही. त्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो. लहान आतड्यातल्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी बसलेल्या पॅनेथ पेशी जंतूंचं आवरण फोडणारी प्रथिनं सोडतात. आयजीए नावाची प्रतिपिंडं जंतूंना चिकटतात आणि त्यांना अस्तराला टेकू देत नाहीत. एवढ्यावरही एखादी पेशी बाधित झालीच, तर शेजारच्या पेशी तिला बाहेर ढकलून जागा बुजवतात. चार-पाच दिवसांत तर बहुतेक सगळं अस्तरच नवं होतं.

उरलेलं निम्मं घाटापलीकडे दिसलं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढू लागले आणि पुढे संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. घाण पाण्यातूनही पोटात जाणारा हा जंतू स्क्रूसारखा पिळदार असतो. ज्या चिकट श्लेष्म्यात इतर जंतू अडकतात, त्यातून हा वाट काढतो. रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने स्वतःच दुधातून असे सुमारे ५०० जंतू पिऊन पाहिले आणि तो आजारी पडला. १९८१ मध्ये त्याने ते छापलंही. (हौस दांडगीच म्हणायची!) या जंतूच्या आवरणावरची साखर आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरेशी मिळतीजुळती असते. त्यामुळे क्वचित एखाद्याच्या शरीरात जंतूवर सोडलेला मारा मज्जातंतूंवर उलटतो आणि हातपाय लुळे पडतात; हाच जीबीएस.

पण जीबीएस विरळा. कर्जत-खालापूरच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांना काळजी हवी ती न दिसणाऱ्या नुकसानीची. घाण पाणी वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं की जुलाब न होताही आतड्यातले अंकुर खुरटतात, अन्न नीट शोषलं जात नाही, अस्तर झिरपू लागतं. सवय म्हणतात ती बऱ्याचदा हीच. कुपोषणाची चर्चा मात्र खिचडी, अंडी आणि वजनकाट्यापुढे सरकत नाही.

उपाय जुनाच आहे: विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि नळाला किमान ०.२ मिलीग्रॅम प्रतिलिटर उरलेला क्लोरीन. ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळी, हिरवी कार्डं मिळतात, पण वर्षातून दोनदा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी एका रात्रीत बिघडतं, तिथे एप्रिलच्या हिरव्या कार्डाचा जुलैत काय उपयोग? जून ते सप्टेंबर उरलेल्या क्लोरीनची रोजची ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी व्हावी, तिचा निकाल पाणवठ्यावरच्या फळ्यावर लिहावा आणि अंगणवाडीत मुलाच्या वजनाशेजारीच त्या निकालाची नोंद ठेवावी. वजन घटलं की आधी त्या रकान्याकडे पाहता येईल.