विश्लेषण : ट्यूब लावली की खाज थांबते, मग गजकर्ण परत का येते?

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी म्हणजे पावसाळ्यातले अनेक दिवस बांधीतल्या चिखलात उभे राहणे. पाय तासन् तास पाण्यात, अंगावरचे कपडे ओले, हवा दमट. बुरशीला आणखी काय हवे? बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जांघेत आणि कमरेवर गजकर्ण उठते. मग जवळच्या मेडिकलमधून एखादी ट्यूब येते आणि दोन दिवसांत खाज थांबते. काही आठवड्यांनी तोच चट्टा आणखी मोठा होऊन परततो. तोवर घरातल्या आणखी कुणाला तरी लागण झालेली असते.

चूक कुठे होते?

बहुतेक वेळा ट्यूबच्या निवडीत. बुरशी मारणारी औषधे साधी आहेत : क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, लुलिकोनाझोल, टर्बिनाफाइन. छोट्या चट्ट्याला यातले एकच औषध असलेले मलम सहसा पुरते. मात्र बाजारातल्या अनेक मलमांत त्याच्या जोडीला क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे स्टिरॉइड असते, काहींत प्रतिजैविकही. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबते, म्हणून लगेच बरे वाटते. पण ते त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबते आणि बुरशी पसरत राहते. चट्ट्याची गोल कडा पुसट झाली की डॉक्टरांनाही आजार ओळखणे अवघड जाते. जांघेतली कातडी पातळ होऊन पडलेल्या रेषा तर सहसा जातच नाहीत.

हे रोखणारा नियम नाही का?

आहे. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइडच्या मलमांची सवलत काढून ती ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमेही होती. पण सगळी मिश्रणे बंदीत आली नाहीत, आणि दहा-वीस ग्रॅमच्या ट्यूबसाठी चिठ्ठी मागणारा दुकानदार विरळाच.

याचे परिणाम देशाबाहेरही दिसले. ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ या बुरशीला २०२० मध्ये हे नाव मिळाले, ते भारताशी असलेल्या संबंधामुळेच. टर्बिनाफाइनला ती अनेकदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे दोन रुग्ण नोंदले गेले. स्टिरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावाचे एक कारण मानले जाते.

मलम लावायचे कसे?

आधी खोक्यावरचे घटक वाचावेत. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सॉल’ दिसले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती ट्यूब घेऊ नये. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी, बेचक्यांत तर खासकरून. पातळ थर चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे रुंदीपर्यंत लावावा; बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. किती वेळा ते औषधानुसार, दिवसातून एकदा किंवा दोनदा. खरी गफलत होते ती थांबण्यात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे मलम सुरू ठेवावे लागते. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असे नव्हे. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवून उन्हात वाळवावेत. घरात आणखी कुणाला खाज असेल तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी व्हावेत, नाहीतर फेरा संपत नाही.

चट्टे अंगभर असतील, नखांत किंवा डोक्यात लागण असेल तर नुसत्या मलमाने भागत नाही, गोळ्या लागतात. मधुमेही, गरोदर महिला आणि तान्ह्या बाळांसाठी सुरुवातच डॉक्टरांकडून व्हावी.

पूर्व विदर्भात एक काळजी जास्तीची. इथे कुष्ठरोगाचे रुग्ण आजही सापडतात. फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही आणि स्पर्शही कळत नाही, अशा ठिकाणी कोणतीही ट्यूब लावत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. आशा सेविकेला सांगितले तरी चालते.