‘क्लोज’ करायची एवढी घाई कशाला?

होस्टेलवरून श्रीवर्धनला घरी फोन लावायचा, “जेवलीस का?” एवढंच विचारायचं आणि ठेवून द्यायचा. पुन्हा नंबर फिरवून “पाऊस आहे का?” विचारायचं, पुन्हा ठेवायचा. तिसऱ्या फोनला आईच विचारेल, “डोकं ठिकाणावर आहे ना रे?” पण मिनी प्रोजेक्टसाठी आपण लिहितो ते बरेचसे प्रोग्रॅम सर्व्हरशी असंच बोलतात. एक रिक्वेस्ट, एक उत्तर, कनेक्शन बंद. पुढच्या रिक्वेस्टला पुन्हा श्रीगणेशा!

ही रीत जुनी आहे. १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये उत्तर मिळालं की कनेक्शन बंद, असाच रिवाज होता. पानं साधी होती, चालून जायचं. पानांवर चित्रं वाढली तसा हा खर्च जाणवायला लागला आणि १९९७ साली एचटीटीपी १.१ ने नियमच उलटा केला. दोघांपैकी कोणी ‘आता बंद करतो’ म्हणेपर्यंत कनेक्शन चालू धरायचं. तरीही आज पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररीतलं साधं ‘गेट’ लूपमध्ये टाकलं की दर फेरीला नवं कनेक्शन उघडतं. नोड जेएसने कनेक्शन टिकवणं डिफॉल्ट केलं तेही २०२२ मध्ये, १९ व्या आवृत्तीत.

“अरे, पण चालतंय ना? मग झालं तर!” हे आपलं ठरलेलं उत्तर. चालतंय, कारण क्लायंट आणि सर्व्हर दोन्ही आपल्याच पीसीवर असतात. तिथे निरोप जाऊन यायला एक मिलिसेकंदही लागत नाही. हाच प्रोग्रॅम कमी रेंजच्या गावात मोबाइलवर चालवा. समजा, एका फेरीला २०० मिलिसेकंद लागतात. टीसीपीची ओळखपाळख एक फेरी, टीएलएस १.३ ची एक, मग रिक्वेस्टची एक. अशा ३० छोट्या रिक्वेस्ट एकामागून एक पाठवल्या आणि दर वेळी कनेक्शन नवं उघडलं, तर ९० फेऱ्या, म्हणजे १८ सेकंद. एकच कनेक्शन वापरलं तर ३२ फेऱ्या, साडेसहा सेकंदांच्या आत! शिवाय नवं कनेक्शन सुरुवातीला जपून, थोडा थोडाच डेटा सोडतं, ते वेगळंच.

म्हणजे आपला आळस लॅबमध्ये दिसत नाही, त्याची किंमत दूरचा माणूस मोजतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन भागातली वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली होती. अशा दिवसांत जेमतेम एक काडी रेंज मिळते आणि त्यातच बँकेचं किंवा अर्जाचं काम उरकायचं असतं. तिथे प्रत्येक फालतू फेरी महाग पडते.

आता दुसरी बाजू. उघडं कनेक्शन फुकट नसतं. सर्व्हरवर त्याची जागा अडते. म्हणूनच अपाची २.४ मूळ सेटिंगमध्ये ५ सेकंद वाट बघून रिकामं कनेक्शन बंद करतो. दुसरी पंचाईत वाटेतली. माणगाव–म्हसळा रस्त्यावर एसटीत बसल्या बसल्या रेंज गेली, तर समोरचं टोक तुटलंय हे क्लायंटला कळतच नाही. तो बिचारा वाट बघत बसतो. आणि गेलेली रिक्वेस्ट फी भरण्याची असेल तर? ती पोचली की नाही हे न बघता पुन्हा पाठवली तर पैसे दोनदा कापले जायची भीती! तरीही कनेक्शन दर वेळी बंद करणं हा यावरचा उपाय नव्हे. उत्तराची वाट बघत असताना रेंज गेली, तर नव्या कोऱ्या कनेक्शनचंही तेच होणार.

तेव्हा उपाय साधे आहेत. सगळ्या रिक्वेस्टसाठी एकच ‘सेशन’ वापरा. आलेलं उत्तर शेवटपर्यंत वाचा. अर्धवट सोडलं तर ते कनेक्शन सहसा पुन्हा कामाला येत नाही. टाइमआउट न चुकता द्या. कनेक्शन तुटलं तर नुसती माहिती मागणारी रिक्वेस्ट खुशाल पुन्हा पाठवा, पण पैशाची पाठवण्याआधी चौकशी करा. आणि काम संपलं की मात्र आठवणीने बंद करा. वापरून झाल्यावर होस्टेलचा नळ बंद करतो तसं!

सरांनाही एक नम्र सूचना. सबमिशनच्या वेळी आउटपुटबरोबर “कनेक्शन किती उघडली?” हेही विचारा. लिनक्सवर ‘टीसी’ कमांडने नेटवर्कमध्ये मुद्दाम २०० मिलिसेकंदांचा उशीर घालता येतो. त्या उशिरात प्रोजेक्ट चालवून दाखवायला सांगा. कोणाचा प्रोग्रॅम कोकणात चालेल ते लगेच कळेल!